शेवटचा भाग जाडच असतो

मे महिन्यात परभणीत पारा ४३ वर असताना तोंडातून आग ओकणाऱ्या प्राण्याचं कौतुक करणं जरा जडच जातं. तरी पोरं वाचतात. दुपारी कूलरसमोर पालथं पडून, उशीवर पुस्तक टेकवून, ड्रॅगनच्या मालिकेचा शेवटचा भाग. आणि हा शेवटचा भाग हटकून जाड असतो. पहिला दोन बैठकांत उरकणारा. शेवटचा उताणं झोपून वाचायला घेतला आणि डुलकी लागली की नाकावरच येतो.

याचं कारण काही गूढ नाही. पहिल्या भागाच्या वेळी लेखकाला कुणी ओळखत नसतं, शेवटच्याला गिऱ्हाईक ठरलेलं असतं. मग कात्री कोण चालवणार? ख्रिस्तोफर पाओलिनी या अमेरिकी लेखकानं एरागॉन या ड्रॅगनस्वार पोराची गोष्ट तीन भागांची बेतली होती. तिसऱ्याचा पसारा एवढा वाढला की त्याचे दोन करावे लागले, आणि खरा शेवट २०११ साली चौथ्या भागात आला.

जाडी एकवेळ चालते, उंचीचं दुखणं वेगळंच. शेवटचा भाग बहुधा आधी पुठ्ठा बांधणीत येतो, साध्या बांधणीतला मागाहून. धीर नसलेला माणूस पुठ्ठ्याचा घेतो आणि फळीवर तो एकटाच बाकीच्यांच्या वर डोकं काढून उभा राहतो. काही संचांत सगळ्या पुस्तकांच्या कण्यांवर मिळून एकच चित्र असतं. तिथं शेवटचा भाग दुसऱ्या आवृत्तीचा आला तर ड्रॅगनची मान तुटून दोन बोटं वर जाते. एका मुखपृष्ठाचा संच हवा असेल तर थांबावं, आणि घेताना प्रकाशक व आवृत्ती दोन्ही पाहावं. पण थांबतंय कोण.

फुटपाथवरच्या स्वस्त नकली प्रतीचं दुखणं आणखी निराळं. पुस्तक फर्म्याफर्म्यानं छापतात, बहुतेक वेळा सोळा पानांचा एक फर्मा. जुळवणाऱ्याच्या हातून एक सुटला की पान ३०४ वरून थेट ३२१ येतं. नाहीतर २८९ ते ३०४ दोनदा येतात आणि राजा दोनदा मरतो. पैसे देण्याआधी उभ्या उभ्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यातले पानांचे आकडे चाळून घ्यावेत. सुरुवातीची पानं गेली तर चालतं, मागच्या भागांत ते सगळं येऊन गेलेलं असतं.

जाड पुस्तक नवं असताना मधूनच कराकरा उघडू नये. कणा टेबलावर टेकवायचा, दोन्ही पुठ्ठे आडवे करायचे, मग पुढून दहा-वीस पानं, मागून दहा-वीस पानं, असं बोटानं हलकेच दाबत मध्यापर्यंत यायचं. नुसत्या गोंदावर चिकटवलेल्या पुस्तकाला हे केलंच पाहिजे, कारण त्याला शिलाई नसते. उन्हात उभ्या गाडीत राहिलं की हा गोंद मऊ पडतो, आणि पुढं कधीतरी कडक होऊन तडकतो. पानं सुटलीच तर चिकटपट्टी लावू नये. ती पिवळी पडते आणि तिचा चिकटा पानात उतरतो. फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून कण्याच्या आतल्या बाजूनं ब्रशनं पातळ हात द्यावा, पानं नीट ठोकून सारखी करावीत आणि रात्रभर वजनाखाली ठेवावं. वजनाला पाटा उत्तम. मेणकागद घालायला विसरलात तर सकाळी पाटा आणि पुस्तक एकच झालेलं असतं.

एवढी निगा राखलेल्या पुस्तकात शेवटी घडतं काय? लढाई. दोन-दोनशे पानांची. तीन प्रकरणांपुढं लांबलेली लढाई हा सरळ आळस आहे, असं माझं मत. लेखकाला वाटतं, मुलांना हेच हवंय. मुलांची आठवण मात्र किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी असते. दुसऱ्या भागात हरवलेली किल्ली, पाचव्यात पंख मोडलेला बारका ड्रॅगन, सगळं मांडून ठेवलेलं. थोरली बहीण वाचून मराठीत सांगत असते आणि धाकटा किल्ला कोसळत असताना विचारतो, “त्या बारक्याचं काय झालं?” लेखक विसरलेला असेल तर ताईला तिथल्या तिथं काहीतरी रचून सांगावं लागतं.

क्रेसिडा कॉवेल या इंग्रज लेखिकेनं हा हिशेब चांगला सांभाळला. तिची हिकप या व्हायकिंग पोराची ‘हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन’ ही मालिका २००३ मध्ये सुरू झाली आणि २०१५ मध्ये बाराव्या भागात संपली. सिनेमा पाहून पुस्तकाकडे येणाऱ्यांची पहिल्यांदा गडबड होते, कारण हिकपचा ड्रॅगन टूथलेस पडद्यावर काळाभोर आणि दांडगा, तर पुस्तकातला इवलासा, उद्धट आणि बोळका. पण गंमत सुरुवातीलाच आहे. म्हातारा झालेला हिकप सांगून टाकतो की माझ्या लहानपणी ड्रॅगन होते. म्हणजे आता नाहीत. मग ते गेले कुठं, हे देणं बाराव्या भागापर्यंत डोक्यावर राहतं, आणि तिथं ते दडी मारून बसतात. एरागॉनही शेवटी ड्रॅगनसाठी देश सोडून दूर निघून जातो. पुस्तक मिटून पोरानं खिडकीबाहेर पाहिलं तर तिथं ड्रॅगन नसतो, त्याचा खुलासा कुणीतरी करायलाच हवा. म्हणून लढाई कितीही लांबली तरी शेवटच्या भागाचं खरं काम ड्रॅगनला वाटेला लावायचं. “कामून गेला?” हा धाकट्याचा प्रश्न अवघड खरा, पण त्याला उत्तर छापलेलं असतं.

आपल्याकडं सोन्यावर बसणारा प्राणी नवा नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत पांढऱ्या मातीची पडकी गढी असते आणि तिच्या पोटात धन, धनावर नाग. तो उडत नाही, आग ओकत नाही आणि मुख्य म्हणजे जात नाही. आजोबांच्या आजोबांनाही तो तिथंच होता. धाब्याच्या घरांवर घालायला लोकांनी त्याच गढीची माती नेली, तरी नाग जागचा हलला नाही. श्रावणातल्या कहाण्या साठा उत्तरांवरून पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होतात. ही गोष्ट मात्र संपायचं नाव घेत नाही.

आता घरं स्लॅबची झाली. कुठं कुठं जेसीबी लावून गढीच सपाट केली. धन निघालं नाही, नागही निघाला नाही. तो कुठं गेला, हे सांगायला त्या गोष्टीचा शेवटचा भाग हवा, आणि तिचा तर पहिलाही कुणी छापलेला नाही.