25 मीटरवरचं लोह

दक्षिण महासागरातलं पाण्याचे नमुने घेण्याचं ठिकाण (स्टेशन), जमीन आणि बर्फ दोन्ही लांब. विरघळलेल्या लोहाचे आकडे अपेक्षेप्रमाणे येत होते: वरच्या थरात लिटरला 0.1 नॅनोमोल, हजार मीटर खोलीवर 0.4. फक्त 25 मीटरवर 1.6! 0.1 नॅनोमोल म्हणजे लिटरभर पाण्यात जेमतेम 6 नॅनोग्रॅम, आणि आपण उभे पोलादाच्या जहाजावर. त्यामुळे पहिला संशय आपल्याच हातांवर घ्यायचा.

मोजणी पुन्हा केली. नमुना 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरने गाळून, अतिशुद्ध हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच 1.8 वर आणून दिवसभर ठेवलेला होता. ही वाट पाहावीच लागते. समुद्रातलं 99 टक्क्यांहून जास्त विरघळलेलं लोह सेंद्रिय रेणूंनी धरून ठेवलेलं असतं. आम्लाने ते सुटलं नाही तर ल्युमिनॉलच्या (लोहामुळे उजळणाऱ्या रसायनाच्या) मापनात कमी भरतं. ब्लँक (नमुन्याशिवाय येणारा आकडा) 0.03, आकडा पुन्हा 1.6. यंत्र निर्दोष.

मग साक्ष काढली वनस्पतीप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची. 25 मीटरवर नायट्रेट लिटरला 24 मायक्रोमोल, म्हणजे खत भरपूर, तरी प्लवकांचं प्रमाण सांगणारं क्लोरोफिल लिटरला अवघं 0.3 मायक्रोग्रॅम. प्रकाशसंश्लेषणाची कार्यक्षमता सांगणारं एफव्ही/एफएम गुणोत्तर 0.27, लोह पुरेसं असलेल्या पेशींत ते 0.5 च्या वर असतं. लोह नुकतंच आलं असेल, म्हणावं तर 1993 च्या आयर्नएक्स प्रयोगात, समुद्रात मुद्दाम लोह सोडल्यावर, हे गुणोत्तर 24 तासांत वाढलेलं दिसलं होतं. शिवाय तापमान आणि क्षारता 70 मीटरपर्यंत एकसारखी. इतक्या घुसळलेल्या थरात एकाच खोलीवर लोह साचून राहील कसं? या पेशी लोहाविना उपाशी होत्या, आणि माझा त्यांच्यावर जास्त विश्वास बसला.

उलगडा झाला तो बाटल्यांच्या क्रमाने. 25 मीटरवरचं पाणी आणणाऱ्या त्याच गो-फ्लोमधून (खोलवरचं पाणी बंद करून वर आणणाऱ्या नळकांड्यातून) लागोपाठ भरलेल्या तीन बाटल्या: 2.3, 1.6, 0.9. समुद्राचं लोह भरण्याच्या क्रमाने उतरत नाही. गो-फ्लोची तोटी खोलली, तर ओ-रिंगमागे (गळती रोखणाऱ्या कडीमागे) गंजाचा नारिंगी ठिपका. फिल्टर कण अडवतो, पण गंजाचे अतिसूक्ष्म कलिल कण 0.2 मायक्रॉनमधून निसटतात आणि आम्लात विरघळून ‘विरघळलेलं लोह’ म्हणून मोजले जातात. भरण्याआधी तोटीतून अर्धा लिटर पाणी सोडलं होतं. ते पुरलं नाही.

तोटी 10 टक्के आम्लात रात्रभर बुडवली, ओ-रिंग बदलली. पुढच्या खेपेला तीच गो-फ्लो मुद्दाम 40 मीटरवर लावली आणि पहिल्या व तिसऱ्या बाटलीत 0.12 आणि 0.11 मिळालं. 25 मीटरच्या आकड्यापुढे गुणवत्ता-खूण 4 टाकली: बाद.