वार्ताहराचा मुख्य व्यवसाय

गोदाकाठच्या आमच्या पट्ट्यात रात्री अकरानंतर चोरट्या वाळूचे हायवा, म्हणजे मोठे टिपर, सुरू होतात. तलाठ्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत. मी बातमी पाठवली, फोटोसकट. नंबर स्वच्छ दिसत होते. पेपरच्या डेस्कवरून निरोप आला, "आज जागा नाही." दुसऱ्या दिवशीच्या अंकात एका नेत्याच्या वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात होती. मीच आणलेली.

तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो. मिळालं तर नावापुरतं मानधन, बाकी जाहिरातीचं कमिशन. दिवाळी असो की पंधरा ऑगस्ट, पुरवणी म्हटलं की टार्गेट. आणि जाहिरात देणार कोण? साखर कारखाना, पतसंस्था, बाजार समितीचे संचालक, गुत्तेदार. ज्यांच्यावर लिहायचं त्यांच्याच दारात आधी पावतीबुक घेऊन उभं राहायचं. मग धमकी कशाला लागते?

तरी फोन आलाच. शिवीगाळ नाही, आवाज चढवणं नाही. "भाऊ, तुम्ही आपलेच. काही अडलंय का? सांगत जा की. रात्रीचं नदीवर कशाला फिरायलाव?"

रझाकारांविरुद्ध लिहिणारे उर्दू दैनिक 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत खून झाला, गोळ्या घालून, हात तोडून. आणीबाणीत दैनिक 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव तुरुंगात गेले. दर 6 जानेवारीला, दर्पण दिनाला म्हणजे पत्रकार दिनाला, आमच्याकडे या दोघांची नावं घेऊन भाषणं होतात. हार-शालींचा खर्च कोण करतं, ते विचारू नका.

पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात 2017 चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड. चांगलाच आहे. पण त्यात पत्रकार म्हणजे ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता, तोही नोकरीत किंवा कंत्राटावर. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, घर त्यावर चालतं. उद्या मार खाल्ला, तर मी त्यांचा पत्रकार आहे हे कार्यालयानं लिहून द्यायला हवं. त्यांच्या कागदावर मी 'जाहिरात प्रतिनिधी'.

फोटो शेवटी मी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. ते फिरत फिरत तहसीलला पोचले आणि त्याच रात्री दोन हायवा पकडले गेले. डेस्कवरून लगेच फोन: "साहेबांचा फोटो आहे का?" 'महसूलची धडक कारवाई', तीन कॉलम. ती बातमीही मीच पाठवली, आणि तिला जागा होती.