आमची वाटचाल : पाणचक्कीच्या चालीने दळणारी आमची दगडी चक्की

नागपूरच्या इतवारीतल्या धान्यबाजाराजवळ आमची चक्की सुरू झाली ती चार चक्क्यांसारखीच. दोन फुटी एमरी (कुरुंदाचा) दगड, मिनिटाला साडेचारशे फेरे आणि हात लावता येऊ नये इतकं गरम पीठ. आज अडीच फुटी दगड मिनिटाला सव्वाशे फेऱ्यांवर चालतो. माल कमी निघतो, पण पीठ कोमटच राहतं. हे वळण मिळालं पाणचक्कीमुळे.

छत्रपती संभाजीनगरची बाबा शाह मुसाफिर दर्ग्याची पाणचक्की आपल्याला ठाऊकच आहे. पण दळणाची खरी जुळणी पाहायची तर उत्तराखंडातला चालू घराट, म्हणजे तिथली पाणचक्की, पाहावा. पाण्याचा झोत आडव्या चाकाच्या पात्यांवर पडतो आणि चाकाचा उभा दांडा थेट वरचा दगड फिरवतो. पट्टा नाही, दातेरी चाक नाही, म्हणून दगड चाकाच्याच संथ चालीने फिरतो. धान्याच्या पन्हळीला बांधलेली लाकडी काडी फिरत्या दगडावर टेकलेली असते. दगड फिरला की काडी थरथरते, दाणे पडतात. पाण्याचा जोर वाढला की दाणेही वाढतात, दगड थांबला की तेही थांबतात.

तीच काडी आम्ही विजेच्या चक्कीला बसवली. नुसती सरकती झडप असली तर लाईट गेल्यावरही गहू पडतच राहतो, दगडाचं तोंड गच्च भरतं आणि पुन्हा सुरू करताना पट्टा घसरून जळतो. उलट धान्य संपलं तरी दगडावर दगड घासतो, जळका वास येतो आणि पोळीत कचकच लागते. म्हणून धान्य संपत आलं की वरचा दगड आधी उचलायचा.

टाकी लावणं, म्हणजे झिजलेला दगड छिन्नीने टाचून पुन्हा धारदार करणं, हे सगळ्यात जिकिरीचं काम. सरळ लाकडी पट्टीला गेरू लावून ती दगडावरून फिरवायची. जिथे लाल उमटेल तो उंचवटा, तेवढाच टाकीने उतरवायचा. चऱ्या (दगडात कोरलेल्या खाचा) मधे खोल आणि कडेकडे उथळ हव्यात. कडेची दीड-दोन इंच पट्टी जवळजवळ सपाट ठेवतो, कारण बारीक पीठ तिथेच होतं. दगड एका बाजूला कलला तर एकीकडे रवाळ आणि दुसरीकडे तापलेलं पीठ येतं. टाकीनंतरचं पहिलं पाच किलो दळण फेकून द्यायचं, त्यात दगडाचा चुरा असतो.

नागपूरच्या मे महिन्यात गहू वाळून कडक होतो. तसाच दळला तर कोंड्याचा भुगा होऊन पीठ काळपट दिसतं. ओलावा नऊ टक्क्यांवरून अकरावर न्यायला क्विंटलमागे सव्वादोन लिटर पाणी लागतं. ते शिंपडून, गहू खालीवर करून रात्रभर झाकून ठेवतो. पाणी जास्त झालं तर चऱ्या लिंपतात आणि दगड पीठ ओढेनासा होतो. बन्सी गव्हाचा दाणा टणक, त्याला घास (एका वेळी दगडात पडणारं धान्य) कमीच सोडायचा.

अंकुराचं तेल पिठातच राहत असल्यामुळे हे पीठ लवकर खवट होतं. म्हणून साठा करून विकत नाही, मागणी आली की दळतो. पीठ पसरून थंड झाल्याशिवाय पिशवी बांधत नाही, नाहीतर आत वाफ धरून गुठळ्या होतात. उन्हाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच न्या, हिवाळ्यात महिनाभराचं चालेल. ज्वारीचं मात्र आठवड्यापुरतंच न्या. शिळ्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरते.