आमची वाटचाल : १४६ ग्रॅमपासून ५७ ग्रॅमपर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांचं मिलिंगचं, म्हणजे यंत्रावर धातू कोरून भाग करायचं, छोटं वर्कशॉप. ऑइल इंजिनाचे सुटे भाग करायचे. माझं शिक्षण संपेपर्यंत ते काम आटत आलं होतं आणि एक मशीन तर आठवड्यातले चार दिवस झाकलेलंच असायचं. २०१४ च्या दिवाळीत मी घडीच्या चाकूचा विषय काढला. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लोकांना घडीचा चाकू म्हटलं की रामपुरी आठवतो. बटणाचा करणार नसशील तरच हो म्हणेन." ती अट आजही पाळतो. आमचा प्रत्येक चाकू दोन हातांनी किंवा अंगठ्याने सावकाश उघडतो.

पहिला नमुना तयार झाला तो १४६ ग्रॅमचा. तीन मिलिमीटर जाड पातं, दोन्ही बाजूंना दीड मिलिमीटरच्या पोलादी पट्ट्या, मुठीच्या टोकांना पितळी टोपणं, पाठीत भरीव पितळ आणि वर शिसवीच्या फळ्या. दुकानदार हातात घेऊन तोलायचे आणि म्हणायचे, "माल चांगलाय, वजन आहे." आम्हालाही ते पटायचं. भेट द्यायला म्हणून साठ-सत्तर नग गेले. ते कपाटात राहिले, हे आम्हाला पुढे कळलं.

कळलं ते कुडाळजवळच्या एका रोपवाटिकेत. पावसाळ्यात तिथे आंब्याची कोय कलमं, म्हणजे कोयीतून उगवलेल्या रोपावरची कलमं, बांधतात. पंधरा-वीस दिवसांचं कोवळं, लालसर रोप असतं. त्याचा शेंडा छाटून खोडाला मधोमध उभी चीर द्यायची, कलमकाडीला, म्हणजे हव्या त्या झाडाच्या काडीला, दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा काप द्यायचा, ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. चाळीस वर्षं हेच काम केलेल्या एका तात्यांना मी आमचा चाकू वापरायला दिला. तासाभराने त्यांनी तो परत माझ्या हातात ठेवला. "सुरी बरी आसा, पण खिशात धोंडो घातल्यासारख्या वाटता."

मी त्यांच्याशेजारी बसून राहिलो आणि नुसता बघत राहिलो. पिशव्यांच्या रांगेवर वाकताना शर्टाचा खिसा लोंबायचा, चाकू घसरून चिखलात पडायचा. कापतानाही जाड पातं काडीत शिरताना लाकूड दाबत होतं. काप गुळगुळीत यायला हवा तिथे कड चिरडल्यासारखी दिसत होती. दोन काप एकमेकांना चिकटून बसले नाहीत तर कलम जगत नाही. म्हणजे आमच्या पात्याची जाडी, जिचा आम्हाला अभिमान होता, तीच तिथे आड येत होती.

परत आल्यावर चाकू खोलून एकेक भाग काट्यावर ठेवला. पातं २६ ग्रॅम. आतल्या दोन पट्ट्या मिळून ५४. टोपणं ३०, पाठीचं पितळ १८. शिसवीच्या फळ्या फक्त १२, बाकी स्क्रू आणि मधली पिन. कापण्याचं काम करणारा भाग एकूण वजनाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी होता! पोलादाची घनता घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, पितळेची त्याहून जास्त, शिसवीची ०.८ च्या आसपास. हे आकडे मला कॉलेजपासून पाठ होते, पण मुठीला ते कधी लावून बघितले नव्हते.

त्या वर्षी बाहेरचे चाकूही मागवून उघडले. अमेरिकेतल्या बक कंपनीचा ११० हा १९६४ सालचा चाकू, पितळी टोकं आणि लाकडी मूठ, वजन दोनशे ग्रॅमच्या घरात. तो कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या म्यानात वागवायचा असतो, त्यामुळे त्याला ते शोभतं. दुसऱ्या टोकाला ओपिनेल. फ्रान्सच्या साव्वा भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये केलेला. त्यातला ८ नंबर साडेआठ सेंटिमीटरचं पातं घेऊनही ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, कारण आत पोलादी पट्ट्याच नाहीत. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाला चीर पाडून त्यातच पातं बसवलंय, आणि पातं मिटू नये म्हणून १९५५ पासून गळ्याशी फिरणारी कडी आहे. इतकी साधी रचना बघून मी दोन दिवस दुसरं काही केलं नाही. मग तो चाकू जुलैत कोकणात नेला. लाकूड फुगलं आणि पातं चिरेत असं आवळलं की नखाने उघडेना. कोरड्या हवेतलं शहाणपण आपल्या पावसाळ्यात जसंच्या तसं चालत नाही.

पुढचा नमुना आम्ही ६१ ग्रॅमवर आणला. पितळ काढून टाकलं, पाठीत भरीव पट्टीऐवजी दोन बारीक खांब दिले, पातं दोन मिलिमीटरचं केलं, आतल्या पट्ट्या एक मिलिमीटरच्या घेऊन त्यांना जवळच्या शिरोलीत लेझरवर मोठी भोकं पाडून आणली. आकडा बघून वर्कशॉपमध्ये पेढे वाटले.

त्यात माझी चूक झाली, आणि ती इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं. या चाकूत आतल्या पट्टीचाच एक भाग वाकवून खटका केलेला असतो. पातं उघडलं की तो आत सरकून पात्याच्या बुडाला टेकतो. मी एक भोक त्या खटक्याच्या मुळाशी घेतलं होतं, जिथे सगळा ताण येतो. सरळ कापताना काही जाणवायचं नाही. मूठ पिळली की खटका धनुष्यासारखा वाकायचा. सांगलीच्या एका इलेक्ट्रिशियन दादांनी केबलचं आवरण सोलताना मनगट वळवलं आणि पातं तर्जनीवर मिटलं. तीन टाके पडले. मी त्यांच्या घरी गेलो, औषधपाण्याचा खर्च दिला, आणि विकलेले ३८ चाकू परत मागवले. ३१ आले. उरलेल्या सातांचे मालक मी अजून शोधतो आहे. तुमच्याकडे त्यातला असेल, पट्टीत मोठी गोल भोकं दिसत असतील, तर वापरू नका. पाठवून द्या, नवा देतो.

आता खटक्याच्या बाजूची पट्टी दीड मिलिमीटरची, आणि खटक्याच्या मुळाशी एकही भोक नाही. दुसऱ्या पट्टीवर फक्त अंतर राखायचं काम आहे, ती एक मिलिमीटरची जाळीदार चालते. पातं अडीच मिलिमीटर. वजन ७४ ग्रॅम. प्रत्येक नगाला धार लावण्याआधी आम्ही मूठ व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, आडवी पकडतो, धारेची बाजू खाली ठेवून टोकाजवळ पाच किलोचं वजन टांगतो, आणि मग मूठ थोडी पिळून बघतो. हे १३ ग्रॅम परत चढवताना मला जराही वाईट वाटलं नाही.

कलमवाल्यांसाठी मात्र वेगळाच चाकू केला. त्यांना खटका नको असतो. चिकाने माखलेल्या बोटांनी तो दाबत बसायला वेळ कुठे? पाठीच्या स्प्रिंगवर उघडणारं सहा सेंटिमीटरचं पातं, जेमतेम दोन मिलिमीटर, धार एकाच बाजूने. पातं आधी ईएन ३१ या बेअरिंगच्या पोलादाचं होतं. धार सुरेख यायची, पण कैरीचा चीक आणि घाम मिळून आठवड्यात गंजाचे डाग पडायचे. मग ४४०सी हे स्टेनलेस पोलाद घेतलं. त्याचं हार्डनिंग, म्हणजे तापवून कठीण करणं, हजार अंश सेल्सियसच्या वर होतं, आमच्या भट्टीत जमत नाही, बाहेरून करून घ्यावं लागतं. चाकूची किंमत त्यामुळे वाढली.

शिसवीच्या मुठीत हा चाकू ५० ग्रॅमचा होता. पहिल्याच पावसात लाकूड फुगून स्प्रिंग जड झाली. आमच्या शेजारच्या विजेचे पॅनेल करणाऱ्याकडे कापडी हायलमचे, म्हणजे कापडाचे थर राळेत दाबून केलेल्या फळीचे, तुकडे पडलेले होते. तेच घासून मूठ केली. पाणी पीत नाही, ओल्या हातात सुटत नाही, कापडाची वीण बोटांना जाणवते. वजन सात ग्रॅमनी वाढून ५७ झालं. वडिलांनी हातात घेऊन तर्जनीवर आडवा तोलला. चाकू आडवाच राहिला. "आता बोट दुखणार नाही," एवढंच म्हणाले.

खिशाला अडकवायची क्लिप लावून बघितली होती. ती तळहातात रुतायची, म्हणून काढली. तिच्या जागी मुठीच्या टोकाला एक भोक आहे, दोरी ओवायला.

गेल्या जूनमध्ये तो घेऊन पुन्हा कुडाळला गेलो. तात्यांनी दोरी शर्टाच्या काजाला बांधली, चाकू खिशात टाकला आणि रांगेवर वाकले. संध्याकाळपर्यंत तो माझ्याकडे परत आला नाही. निघताना म्हणाले, अजून दोन पाठव, पण त्यातला एक थोरल्यासाठी, तो डावखुरा. एका बाजूची धार म्हणजे डाव्या हाताला पातं उलटं घासावं लागतं, पात्यावरची नखाची खाच पलीकडे घ्यावी लागते, काम करताना पातं पकडून ठेवणारा साचा, म्हणजे फिक्स्चर, नवं लागतं. ते फिक्स्चर सध्या मिलिंगवर चढवलेलं आहे.