सॅमची भांडी

शनिवार, रात्री उशिरा

टोल्किनची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी परत वाचायला घेतलीय. या खेपेला एलरॉन्डची सभा, म्हणजे अंगठीचं काय करायचं ते ठरवणारं प्रकरण, भराभर न चाळता नीट वाचली. जो तो उठतो आणि आपला इतिहास सांगतो. कथानक जागचं हलत नाही. पण त्याच गर्दीत म्हातारा बुटका ग्लोईन सांगून जातो की त्याच्याच जमातीतला बालिन मोरिया या बुटक्यांच्या जुन्या भुयारी नगरात गेला आणि पुढे त्याची खबरच आली नाही. दोनच प्रकरणांनंतर मोरियात बालिनची कबर सापडते. ग्लोईनचा मुलगा गिमली डोक्यावरची कुंची तोंडावर ओढून घेतो. सभा वगळली असती, तर ती कबर म्हणजे नुसता दगड.

टोल्किनचा पिंडच भाषेचा. एल्फ जमातीच्या भाषा आधी रचल्या, गोष्टी मागाहून आल्या. फ्रोडोच्या मुलखाचं, शायरचं, कॅलेंडरसुद्धा आखून ठेवलंय: बारा महिने, प्रत्येकी ३० दिवस, उरलेले दिवस कुठल्याच महिन्यात नाहीत. मला दोन पानांत जांभई आली. पण हे सगळं १९५५च्या तिसऱ्या खंडात, शेवटी जोडलेल्या परिशिष्टांत आहे. अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोच्या वाटेत आडवं येत नाही. नकाशा आणि वंशावळी पहिल्याच प्रकरणात वाचकाच्या माथी मारणाऱ्यांनी एवढं तरी उचलावं.

मला खरं जग दिसतं ते फ्रोडोचा सोबती सॅम याच्या पाठीवर. घरून आणलेली भांडी, मिठाची छोटी डबी. इथिलियनमध्ये तो सशाचं मांस शिजवतो तेव्हा कुठली पानं घालायची, बटाटे मिळाले असते तर काय बहार आली असती, यावर अंगठीच्या मोहात अडकलेल्या, वाट दाखवणाऱ्या गोलमशी हुज्जत घालतो. पुढे शत्रूच्या देशात, मॉर्डॉरमध्ये, ओझं झेपेना म्हणून तीच भांडी भेगेत टाकून देतो. फ्रोडोला विचारतो, तो ससा आठवतो का? फ्रोडोला घडलेलं माहीत आहे, पण अन्नाची चव, पाण्याचा स्पर्श, गवत, काहीच डोळ्यांपुढे येत नाही. अंगठी माणसाचं काय करते हे जादूगार गँडाल्फने आधी एवढं समजावलं होतं, पण मला ते इथे कळलं.

सुरुवातीला वाटेत भेटणाऱ्या टॉम बॉम्बाडिलशी मात्र माझं अजून पटत नाही. गाणी म्हणतो, अंगठी बोटात घालूनही अदृश्य होत नाही, आणि मग गोष्ट त्याला मागे टाकून निघून जाते. हो, थडग्यातले खंजीर त्याच्यामुळेच हाती लागतात आणि त्यातलाच एक पुढे फ्रोडोचा मित्र मेरी याच्या कामी येतो, माहीत आहे. तरीही.