नवी बाटली उघडली की एसजीपीटी खाली

"सर, नवी बाटली उघडली की एसजीपीटी खाली येतो. बाटली जुनी झाली की कंट्रोल बरोबर बसतो." लॅबच्या तंत्रज्ञांची तक्रार एवढीच होती. एसजीपीटी म्हणजे रक्तातलं यकृताचं एक एन्झाइम, आणि कंट्रोल म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला तपासणीचा नमुना. मशीन सेमी-ऑटो बायोकेमिस्ट्री अॅनालायझर, म्हणजे नमुना आणि रिएजंट (चाचणीचं रसायन) यांच्या मिश्रणातून प्रकाश सोडून तो किती शोषला गेला ते मोजणारा फोटोमीटर. प्रिंट येत होतं, एरर एकही नाही. रिएजंटचा लॉट बदलून झाला होता, कंपनी बदलायचंही चाललं होतं.

माझ्या मते या वाक्यातच निम्मं निदान होतं. रिएजंट खराब असेल तर जुन्या बाटलीने जास्त बिघडायला हवं. इथे उलटं होत होतं.

आधी कोणत्या टेस्ट बिघडल्यात ते पाहिलं. ग्लुकोज, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन ठीक. ती ५०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाच्या आसपास मोजली जातात. ४०५ वरची अल्कलाइन फॉस्फेटेजही ठीक. ही एन्झाइमची कायनेटिक टेस्ट आहे, म्हणजे क्रियेचा वेग मोजणारी. ती ठीक, म्हणजे फ्लो सेलचं (ज्यात मिश्रण मोजलं जातं त्या कप्प्याचं) ३७ अंश तापमान सांभाळलं जात होतं. एसजीपीटी आणि तसंच दुसरं एन्झाइम एसजीओटी, दोन्ही कमी, आणि दोन्ही ३४० वर. संशय ३४० वर जाणार हे उघड होतं, पण तिथे युरिया आडवा आला. युरियाही ३४० वरच मोजला जातो, आणि तो अगदी बरोबर येत होता. म्हणून "३४० ठीक आहे" असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

युरिया बरोबर येण्याचं कारण वेगळं होतं. युरियाला प्रत्येक वेळी स्टँडर्ड (ठरलेल्या प्रमाणाचं द्रावण) लावतात. फोटोमीटर कमी मोजत असेल तर तो स्टँडर्डही कमी मोजतो, नमुनाही कमी मोजतो, आणि भागाकारात चूक बरीचशी निघून जाते. एसजीपीटीला या लॅबमध्ये स्टँडर्ड नव्हता. रिएजंटमध्ये एनएडीएच नावाचा पदार्थ असतो. तो ३४० चा प्रकाश शोषतो, चाचणीत खर्च होत जातो आणि बाटली जुनी होतानाही घटतो. मिनिटाला अॅब्सॉर्बन्स (प्रकाश शोषण्याचं माप) किती उतरला ते मोजायचं आणि फॅक्टर या ठरलेल्या आकड्याने गुणायचं. १ मिली रिएजंट, १०० मायक्रोलिटर नमुना आणि १ सेंमी सेल असेल तर फॅक्टर येतो १७६८. एनएडीएचचा ६.२२ हा गुणांक आणि एकूण आकारमान यांतून तो निघतो. तिथे फोटोमीटरची चूक झाकली जात नाही.

प्रोग्राम उघडून पाहिला तर फॅक्टर २१३० भरलेला. कधीतरी कंट्रोल कमी आला आणि तो जुळवण्यासाठी आकडा वाढवला गेला. हे फार ठिकाणी होतं आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्या दिवसापासून मशीनचा आजार लपतो. पिपेटचं आकारमान किंवा सेलची लांबी बदलली नसेल तर फॅक्टर बदलायला काहीही कारण नाही.

मग लॅम्प. १२ व्होल्ट, २० वॅटचा हॅलोजन. हॅलोजनचा ३४० वरचा प्रकाश मुळातच तुटपुंजा असतो आणि लॅम्प जुना होताना आधी तोच आटतो. नवा लॅम्प काचेला बोट न लावता बसवला, वीस मिनिटं तापू दिला. ३४० चं ब्लँक (नुसत्या पाण्याचं रीडिंग) सुधारलं, एसजीपीटी जेमतेम हलला.

पुढची तपासणी कुणालाही जमण्यासारखी आहे. ताजं रिएजंट मशीनवर वाचलं तर अॅब्सॉर्बन्स १.६५. तेच रिएजंट लॅबच्या दुसऱ्या फोटोमीटरवर १.९. संपत आलेली जुनी बाटली: या मशीनवर १.२३, दुसरीकडे १.३. वर गेलं की फरक वाढतोय, म्हणजे भटका प्रकाश. ३४० सोडून इतर रंगांचा प्रकाश डिटेक्टरवर पडतोय आणि एनएडीएच तो शोषत नाही. दार घट्ट बंद असूनही फटीतून ऊन यावं, तसं.

खात्रीसाठी सोडियम नायट्राइट. ५ ग्रॅम पाण्यात विरघळवून १०० मिली करायचं. ३४० वर हे द्रावण जवळपास सगळा प्रकाश अडवतं, त्यामुळे जे पलीकडे पोहोचतं तो भटका प्रकाशच. मशीनने २.०० दाखवलं, म्हणजे १ टक्का. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण खरा अॅब्सॉर्बन्स १.९ असताना ताज्या बाटलीत मुळात सव्वा टक्काच प्रकाश पलीकडे जातो. त्यात एक टक्का परका मिसळला तर मिनिटाचा उतार खऱ्याच्या ५६ टक्केच दिसतो. १.३ वर पाच टक्के प्रकाश जातो, तिथे उतार ८३ टक्के दिसतो. १७६८ ला ०.८३ ने भागलं की २१३० येतात. फॅक्टर जुन्या बाटलीवर जुळवला होता! त्या फॅक्टरनेही ताजी बाटली सुमारे एक तृतीयांश कमी दाखवणार, आणि तसंच होत होतं.

फिल्टर व्हील काढलं, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीचा वेगळा फिल्टर बसवलेलं चाक. ३४० चा चांगला इंटरफेरन्स फिल्टर समोरून आरशासारखा चकाकतो आणि दिव्याकडे धरला तर काळाकुट्ट दिसतो, कारण डोळ्याला दिसणारा प्रकाश त्याने सोडायचाच नसतो. यातून मंद तांबूस उजेड येत होता. तिरका धरला की कडेने इंद्रधनुषी डाग आत सरकलेले. थर चिकटवलेल्या कडेतून दमट हवा शिरते, थर सुटतात आणि लाल प्रकाश गळू लागतो. हॅलोजनमध्ये लाल भरपूर, सिलिकॉन डिटेक्टरही लालला जास्त संवेदनशील, त्यामुळे थोडी गळतीही पुरते. असा फिल्टर पुसून सुधारत नाही. कडेला स्पिरिट लागलं तर आणखी बिघडतो.

नवा फिल्टर बसवताना आरशासारखी बाजू लॅम्पकडे. उलटा बसवला तर उष्णता आतले थर शोषतात आणि आयुष्य घटतं. मग पाण्यावर सगळ्या फिल्टरांचा गेन (डिटेक्टरचा सिग्नल किती वाढवायचा ते) पुन्हा लावला. नायट्राइटचं रीडिंग मशीनच्या मर्यादेबाहेर गेलं. पोटॅशियम डायक्रोमेटचं द्रावण निम्मं पातळ केल्यावर अॅब्सॉर्बन्सही निम्मा झाला, म्हणजे मोजणी प्रमाणात होती. फॅक्टर परत १७६८ केला. २१३० तसाच राहिला असता तर सगळे एसजीपीटी २० टक्के जास्त गेले असते. दोन्ही पातळ्यांचे कंट्रोल बसले, ताज्या बाटलीवरही आणि जुन्यावरही.

राहिले आधीचे रिपोर्ट. ताज्या बाटलीवर वाढलेला एसजीपीटी नॉर्मल म्हणून गेलेला असू शकतो, आणि त्यावर कुणाचं तरी औषध चालू राहिलेलं असू शकतं. पॅथॉलॉजिस्टनी २ ते ८ अंशांवर ठेवलेले आदल्या दिवसाचे नमुने पुन्हा लावायला सांगितले आणि ज्यांचे आकडे बदलले त्यांच्या डॉक्टरांना कळवलं. उणे २० वर गोठवलेले नमुने या कामाला घेऊ नयेत, एसजीपीटीची क्रिया तिथे घटते.

लॅबच्या वहीत आता एक रकाना वाढवला आहे: प्रत्येक नव्या बाटलीचं ३४० वरचं सुरुवातीचं अॅब्सॉर्बन्स. ते १.० च्या खाली गेलं तर रिएजंट टाकायचं, हे किटच्या कागदावर असतंच. पण एकाच लॉटच्या ताज्या बाटल्या महिन्यागणिक कमी वाचू लागल्या, तर बाटली बदलण्याआधी फिल्टर दिव्याकडे धरून बघायचा.