दाणा आणि बोय

दक्षिण फ्रान्समधल्या मोंपेलियेहून गाडीने वीसेक मिनिटांत सेतला पोचले. शेवटी शेवटी रुळांलगत खाऱ्या पाण्याची उथळ तळी लागतात. माझ्या यादीत काम एकच होतं: माशाचं कुसकुस खायचं, म्हणजे वाफवलेला जाडसर रवा आणि माशाचा रस्सा. खूळ डोक्यात भरवलं ते अब्देलातिफ केशिशच्या २००७ सालच्या सिनेमाने. 'ला ग्रेन ए ल म्युले', म्हणजे दाणा आणि बोय. हो, आपल्या कोकणात मिळते तीच बोय.

स्टेशनातून कालव्याकाठाने धक्क्यावर गेले. कनाल द्यु मिदी या कालव्याला समुद्राकडे वाट हवी म्हणून १६६६ साली हे बंदर बांधायला घेतलं. मच्छीमारांच्या बोटी, त्यांच्यावर घिरट्या घालणारे कुरव, डिझेलचा वास. मोरोक्कोच्या फेरीबोटी इथूनच सुटतात. मला शोधायची होती सिनेमातल्या स्लिमानची बोट. ट्युनिशियातून आलेला हा साठीचा माणूस आयुष्यभर जहाजांच्या दुरुस्तीत राबतो. कामाचे तास कापले जातात, तेव्हा एका भंगार बोटीवर कुसकुसचं हॉटेल काढायचं त्याच्या मनात येतं. स्वयंपाक पहिल्या बायकोचा, धावपळ आताच्या मैत्रिणीच्या मुलीची. आपल्यामागे मुलांसाठी काहीतरी राहावं, एवढीच हाव. स्लिमान झालेला हबीब बुफारेस हा मुळात नट नाहीच. कदाचित म्हणूनच त्याचं गप्प बसणं इतकं खरं वाटतं.

(शेवट सांगतेय, सिनेमा बघायचा असेल तर हा परिच्छेद सोडा.) उद्घाटनाच्या रात्री पाहुणे ताटकळतात, कारण रव्याचं पातेलं थोरल्या मुलाच्या गाडीत राहिलंय आणि तो आपल्या भानगडीमुळे पसार झालाय. बापाची आयुष्यभराची इच्छा पोराच्या तासाभराच्या इच्छेने बुडवली. वेळ मारून न्यायला रिम, म्हणजे मैत्रिणीची मुलगी, बेली डान्स करते. हाफसिया हेर्झीला या भूमिकेसाठी सेझार हे फ्रेंच सिनेमाचं पारितोषिक मिळालं. पण मला तो नाच आजही पुरता झेपत नाही. कॅमेरा तिच्या पोटावरून हलतच नाही. तिकडे स्लिमान चोरीला गेलेल्या आपल्या मोपेडमागे धावत सुटलेला.

दुपारी भुकेला तिएल खाल्ला, माकुळाच्या जातीतल्याच ऑक्टोपसचं तिखटसर सारण भरलेला गोल पाव. इटलीहून आलेल्या कोळ्यांची ही देणगी. आता तो अस्सल सेतचा म्हणून मिरवतो. कुसकुसला अजून थोडं थांबावं लागेल बहुधा.

रात्री मागच्या गल्लीत एक लहानसं ट्युनिशियन हॉटेल सापडलं. ऑर्डर देऊन पाऊण तास झाला. मी दाराकडे बघतेय, बाहेर एक गाडी सुरू झाली तर छातीत धस्स. अखेर मालकीणबाई रस्सा घेऊन आल्या, मागून झाकलेलं भांडं. मासा नंतर बघू. मी आधी झाकण उचलून रवा आहे ना, तेवढं पाहिलं.